जर्मनीत बिऱ्हाड मांडताना: दार, खिडकी, कचरा आणि आधी कळवणं

जर्मनीत नवीन आलेल्यांच्या तोंडी पहिल्या काही आठवड्यांत एक वाक्य हमखास येतं: "इथली माणसं तुटक आहेत." बहुतेक वेळा खटका उडतो तो स्वभावामुळे नाही, तर न सांगता केलेल्या गोष्टीमुळे. इथे पाहुणा यायचा असो, पार्टी असो, आजारपण असो की घर सोडायचं असो, समोरच्याला आधी कळवायचं असतं. त्याच्या वेळेचा आणि शांततेचा मान राखायची ही इथली रीत आहे. ती एकदा अंगवळणी पडली की तीच माणसं मदतीला धावून येताना दिसतात. खाली दिलेल्या गोष्टी पहिल्या दिवसापासून घर सोडेपर्यंत ज्या क्रमाने समोर येतात, साधारण त्याच क्रमाने आहेत.

पहिला आठवडा

रिकामं घर म्हणजे इथे खरोखरच रिकामं. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराचा ओटा, सिंक, शेगडी यांतलं काहीही नसतं आणि छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. जाहिरातीत 'आइनबाउक्युखे' असा शब्द असेल तरच ओटा आणि कपाटं मिळणार असं समजा. भाडंही दोन प्रकारे लिहितात. 'काल्टमीटे' म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, तर 'वार्ममीटे'मध्ये हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असे खर्चही धरलेले असतात. विजेचं बिल बहुधा दोन्हींत नसतं. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे.

चावी घेताना हस्तांतराचा कागद, म्हणजे 'युबरगाबेप्रोटोकोल', बनवून घ्या. वीज, पाणी, हीटिंगच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, फरशीवरचा प्रत्येक ओरखडा आणि बाथरूमच्या टाइलमधली प्रत्येक भेग त्यात यायला हवी. सोबत फोटोही काढा. सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं हे याच कागदावरून ठरतं, म्हणून हा अर्धा तास घाईत उरकू नका.

त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. इथल्या पत्त्यात फ्लॅटचा नंबर सहसा नसतोच, पोस्टमन नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसलं की पत्र परत जातं आणि बँकेचं कार्ड, विम्याची कागदपत्रं, कर क्रमांक सगळं अडकून बसतं. व्यवस्थापनाकडून नीट पाटी यायला वेळ लागतो, तोवर कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी चालते.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. पासपोर्ट आणि भरलेल्या फॉर्मबरोबर घरमालकाची सही असलेलं 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हे पत्र लागतं. इथेच बहुतेकजण अडतात, कारण ते भाडेकरार घेऊन जातात आणि करार या पत्राच्या जागी चालत नाही. मोठ्या शहरांत वेळ लवकर मिळत नाही, म्हणून घर पक्कं होताच वेळ घ्या आणि तिचा पुष्टीचा ईमेल जपून ठेवा. फॉर्मवरचा धर्माचा रकाना विचार करून भरा. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या 8 टक्के आणि इतर राज्यांत 9 टक्के असतो. नोंदणीनंतर काही आठवड्यांत कर क्रमांक टपालाने येतो.

नोंदणी झाली की 'रुंडफुंकबायट्राग'चंही पत्र येतं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची ही वर्गणी 2021 पासून महिना 18.36 युरो आहे. घरात टीव्ही नसला तरी ती भरावी लागते, पण माणशी नाही, घरटी. एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायची आणि बाकीच्या तिघांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्राला उत्तर दिलं नाही तर नोंद आपोआप होते आणि मागची थकबाकी एकदम अंगावर येते.

दार

फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता घट्ट बसवलेला गोळा असतो. कचरा टाकायला म्हणून दोन मिनिटांसाठी बाहेर पडलात आणि वाऱ्याने दार ओढलं गेलं की ते बंद. कुलूप न लावताही ते बाहेरून उघडत नाही. रात्री अकराला हे झालं तर किल्लीवाला बोलवावा लागतो, आणि रात्रीचा नि रविवारचा दर बराच चढा असतो. तीन गोष्टी लक्षात ठेवा. शहरातला किल्लीवाला आधीच शोधून त्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. बोलावण्याआधी फोनवरच सगळं धरून एकूण आकडा विचारा. आणि दार नुसतं ओढलं गेलं असेल, चावी फिरवलेली नसेल, तर कुलूप न फोडता ते काही मिनिटांत उघडतं. आल्याआल्या ड्रिल काढणाऱ्याला थांबवा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एक जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवणं.

इमारतीचं मुख्य दार आणि तुमचा फ्लॅट एकाच किल्लीने उघडत असेल तर ती अगदी सांभाळून वापरा. हरवली तर सगळ्या इमारतीची कुलपं बदलावी लागू शकतात आणि तो खर्च हरवणाऱ्याच्या माथी येऊ शकतो. 'हाफ्टफ्लिष्ट' हा दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणारा विमा इथे बहुतेक घरांत असतो. तो घेताना भाड्याच्या घराची किल्ली हरवणं त्यात धरलं आहे का, ते नक्की विचारा.

खिडकी

याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण घरमालकाशी सगळ्यात जास्त भांडणं बुरशीवरून होतात.

खिडकीच्या मुठीच्या तीन दिशा असतात. मूठ खाली असली की बंद, आडवी केली की पूर्ण उघडी, आणि वर केली की खिडकी वरच्या बाजूने आत कलते. कललेल्या अवस्थेला 'किप' म्हणतात. खिडकी पूर्ण उघडी असताना चुकून मूठ वर फिरली तर पल्ला खालच्या एका कोपऱ्यावर लटकतो आणि आता निखळून पडणार असं वाटतं. घाबरू नका. पल्ल्याची बिजागरीकडची वरची बाजू चौकटीत घट्ट दाबून धरा आणि मूठ पुन्हा आडवी करा. मूठ हलत नसेल तर पल्ल्याच्या कडेला, मुठीजवळ, एक छोटी पट्टी असते. ती आत दाबून मूठ फिरवा.

घरं इतकी हवाबंद बांधलेली असतात की आंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास यांची वाफ बाहेर जायला वाटच उरत नाही. ती घरातल्या सगळ्यात थंड भागावर जाऊन बसते: बाहेरच्या भिंतीचे कोपरे, खिडकीच्या कडा, कपाटामागची जागा. काही आठवड्यांत तिथे काळे ठिपके दिसू लागतात.

यावरचा उपाय म्हणजे 'श्टोसल्युफ्टन', म्हणजे झटक्यात हवा बदलणं. हीटरचं बटण बंद करा, खिडकी पूर्ण उघडा आणि शक्य असेल तर समोरच्या खोलीचीही उघडा. हिवाळ्यात पाच मिनिटं पुरतात, एरवी दहा. दिवसातून तीन-चार वेळा, आणि आंघोळ किंवा स्वयंपाक झाल्यावर लगेच. बाहेर शून्याखाली तापमान असलं तरी हे करायचं, कारण गार हवेत बाष्प कमी असतं आणि ती आत तापली की चटकन कोरडी होते. पाच मिनिटांत हवा बदलते, पण भिंती आणि सामान ऊबदार राहतं, त्यामुळे खोली लगेच पुन्हा तापते.

खिडकी दिवसभर किपवर ठेवणं ही मात्र चूक. हवा नीट बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत गार पडत जाते आणि बुरशी नेमकी तिथे धरते. हीटिंगचा खर्च वाढतो तो वेगळाच.

हीटरवरच्या 1 ते 5 आकड्यांचा गैरसमजही महागात पडतो. ते आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. 3 म्हणजे सुमारे 20 अंश, आणि एकेक आकडा सुमारे 4 अंशांचा. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. काही दिवस बाहेरगावी जाणार असाल तरी पूर्ण बंद करू नका. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र भिंतीवर लावा आणि आकडा 40 ते 60 टक्क्यांत ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, पाच-दहा सेंटिमीटर जागा सोडा. तरीही बुरशी दिसलीच तर फोटो काढून त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. दोष लपवला आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर त्याची भरपाई भाडेकरूवर येते.

ऑफिसात जानेवारीच्या थंडीत कुणी मीटिंगआधी सगळ्या खिडक्या उघडल्या तर आता कारण कळेल. स्वेटर जवळ ठेवा.

शांतता

रात्री 10 ते सकाळी 6 ही शांततेची वेळ. रविवार आणि सणाच्या दिवशी दिवसभर शांतता. दुपारी 1 ते 3 ही विश्रांतीची वेळ पाळायची की नाही, हे इमारतीच्या नियमपत्रकात, 'हाउसऑर्डनुंग'मध्ये, लिहिलेलं असतं. ते भाडेकरारासोबत येतं, वाचून घ्या. शांतता म्हणजे टाचणी पडल्याचा आवाज यावा असं नाही. आपल्या घरातला आवाज घराबाहेर स्पष्ट ऐकू जाऊ नये, इतकंच. बोलणं, चालणं, स्वयंपाक चालतो. रविवारी भिंतीत ड्रिल, हातोडी किंवा गवत कापायचं यंत्र चालत नाही. कपाट जोडायचं असेल तर शनिवारी दिवसा जोडा. लहान मूल रात्री रडलं तर तो नियमभंग नाही. पालकांनी संकोचून घर बदलायच्या गोष्टी करू नयेत, कायदा मुलांच्या बाजूने आहे.

घरी माणसं जमणार असतील तर तीन-चार दिवस आधी जिन्यात, इमारतीच्या दाराच्या आतल्या बाजूला किंवा सूचनाफलकावर हाताने लिहिलेला कागद लावा. त्यावर तारीख, किती वाजल्यापासून, कितवा मजला, आडनाव, फोन नंबर आणि "आवाज जास्त वाटला तर कृपया सरळ बेल वाजवा" एवढं पुरे. खालच्या-वरच्या शेजाऱ्यांना तोंडी सांगितलं तर आणखी चांगलं. यानेही रात्री दहानंतरच्या मोठ्या आवाजाची परवानगी मिळत नाही. महिन्यातून एकदा पार्टीचा हक्क असतो हा समज पुष्कळांचा आहे, पण तसा कायदा नाही. तरीही त्या कागदामुळे फरक पडतो. नंबर हाताशी असला की शेजारी पोलिसांना नाही, तुम्हाला फोन करतो.

दारावर तक्रारीची चिठ्ठी सापडली तर उत्तरादाखल दुसरी चिठ्ठी लावू नका. संध्याकाळी सातच्या सुमाराला बेल वाजवा, माफी मागा, यापुढे काय कराल ते एका वाक्यात सांगा. लांबलचक कारणं दिली की ती सबब वाटते.

रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला इथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे. बेकऱ्या काही तास उघडतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकानं आणि पेट्रोल पंप चालू असतात, औषधांची दुकानं पाळीने रात्रीचीही सेवा देतात. सोमवारी सण असेल तर शनिवारी संध्याकाळीच तीन दिवसांचं सामान भरावं लागतं. सणाच्या सुट्ट्या राज्यागणिक बदलतात, म्हणून आपल्या राज्याचं कॅलेंडर लावून घ्या.

कचरा आणि बाटल्या

डब्यांचे रंग गावागणिक थोडे बदलतात. साधारणपणे निळ्यात कागद, तपकिरीत ओला कचरा, पिवळ्या डब्यात किंवा पिशवीत प्लास्टिक आणि धातूचं पॅकिंग, आणि काळ्या-करड्यात उरलेलं सगळं. चुका ठरावीक ठिकाणी होतात. दूध किंवा रसाचा खोका कागदाचा दिसतो, पण आत प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तो पिवळ्यात जातो. दुकानाची गुळगुळीत छापील पावती निळ्यात नाही, काळ्यात. विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिक पिशव्या अनेक शहरांत ओल्या कचऱ्यात चालत नाहीत. दह्याचा डबा धुवायची गरज नाही, चमच्याने खरवडला की पुरे. मात्र त्याचं ॲल्युमिनियमचं झाकण पूर्ण काढून वेगळं टाका. दोन्ही चिकटलेली राहिली तर वर्गीकरणाच्या यंत्राला ते नीट ओळखता येत नाही.

काचेच्या बाटल्या-बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी किंवा लाल काच हिरव्यात, कारण हिरवी काच इतर रंगांची भेसळ सहन करते आणि पांढरी करत नाही. पाणी प्यायचा ग्लास, आरसा, खिडकीची काच यांचा वितळण्याचा अंश वेगळा असतो, म्हणून ते या पेट्यांत अजिबात नाही. बाटल्या फुटण्याचा आवाज मोठा असतो, त्यामुळे पेटीवर वेळ लिहिलेली असते, बहुधा कामाच्या दिवशी सकाळी 7 ते रात्री 8. रविवारी टाकायला जाऊ नका.

चुकीचा कचरा दिसला तर पालिकेची गाडी तो डबा तसाच सोडून जाऊ शकते, आणि मग जादा फेरीचा खर्च सगळ्या इमारतीवर बसतो. डब्यापाशी शेजारी टोकतो त्याचं कारण हे.

पेयांच्या बाटल्यांवर 'फांड' नावाची अनामत असते. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला 25 सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुधा 8, इतर पुनर्वापराच्या बाटल्यांना बहुधा 15. बाटली चेपू नका, यंत्राला तिच्यावरचं चिन्ह वाचता यायला हवं. सुपरमार्केटच्या यंत्रात बाटल्या सरकवल्या की चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की पैसे मिळतात. रस्त्यात प्यायलेली बाटली न्यायची नसेल तर कचरापेटीत टाकू नका, शेजारी उभी ठेवा. त्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं असतात, त्यांना पेटीत हात घालावा लागत नाही.

माणसं

अनोळखी माणसाला 'झी' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', आणि सोबत आडनाव. 'डू' म्हणजे 'तू' म्हणायचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या असलेल्याने मांडायचा. एकदा 'डू' झालं की परत 'झी'वर जाणं म्हणजे संबंध तोडण्यासारखं. जिन्यात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या प्रतीक्षाकक्षात शिरताना सगळ्यांना मिळून एकदा नमस्कार करायचा. हे चुकलं तर घुम्या समजतात.

वेळ सांगताना फसगत होते ती 'हाल्ब आख्ट' या शब्दांत. आख्ट म्हणजे आठ, पण हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात. आठकडे अर्धं अंतर झालं, असा हिशेब आहे. डॉक्टर, सरकारी कार्यालय, मुलाखत यांना पाच मिनिटं आधी पोचा. घरी जेवायला बोलावलं असेल तर लवकर जाऊ नका, वेळेवर जा. पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर निघतानाच कळवा, पोचल्यावर माफी मागणं ही दुसऱ्या नंबरची गोष्ट. आकडे ऐकताना मात्र मराठी माणसाला सोयीचं जातं, एकवीस-बावीससारखं इथेही आधी एकक आणि मग दशक.

वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवसही आधी देऊ नका, अपशकून मानतात. ऑफिसात केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा.

रेस्टॉरंटमध्ये बिल एकत्र की वेगवेगळं, हे विचारतातच. टीप 5 ते 10 टक्के, पण ती टेबलावर ठेवून निघायची नसते. बिल 27.40 युरो झालं आणि 50 ची नोट दिली, तर नोट देतानाच "30" म्हणा. वेटर 20 परत देतो आणि टीप त्यात आली. थोडी रोकड नेहमी खिशात असू द्या.

कामात "हे चुकलं आहे" असं सरळ तोंडावर सांगतात. तो राग नसतो, रोख कामाकडे असतो. चूक दुरुस्त करा आणि आभार माना, विषय तिथेच संपतो. उलट, "वाईट नाही" असं कुणी म्हटलं तर ते कौतुक समजा.

आजारी पडलात तर कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवा. आजारपण तीन दिवसांपेक्षा जास्त लांबलं तर चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं, आणि कंपनी ते आधीही मागू शकते. सरकारी विमा असलेल्यांचं प्रमाणपत्र 2023 पासून कंपनी डिजिटल पद्धतीने मागवते, पण कळवायचं काम तुमचंच. जीवावर बेतलं असेल तर 112, पोलिस 110, आणि दवाखाने बंद असताना जीवाला धोका नसलेल्या दुखण्यासाठी 116117.

पिवळा लिफाफा आणि घर सोडणं

टपालपेटी रोज उघडा. पिवळ्या लिफाफ्यात सरकारी कार्यालयाचं किंवा न्यायालयाचं पत्र असतं आणि पोस्टमन त्यावर पेटीत टाकल्याची तारीख लिहितो. मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही कधी फोडलं याला महत्त्व नाही. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात. सुट्टीवर जाताना कुणाला तरी पेटीची किल्ली द्या, आणि लिफाफा फेकू नका, तारखेचा पुरावा तोच.

घर सोडायची नोटीस तीन महिन्यांची. ती कागदावर, करारात नाव असलेल्या सर्वांच्या हाताने केलेल्या सह्यांनिशी द्यावी लागते, ईमेल धरत नाहीत. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पडली तरच तो महिना मोजला जातो. मार्चच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तर मेअखेर घर सुटतं, एक दिवस उशीर झाला तर जूनचंही भाडं लागतं. म्हणून पोचपावतीच्या टपालाने पाठवा किंवा साक्षीदारासमोर हातात द्या.

देशच सोडणार असाल तर नोंदणी रद्द करावी लागते. हे 'आब्मेल्डुंग' जायच्या आठवडाभर आधीपासून गेल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. त्याचा कागद स्कॅन करून ठेवा, रेडिओ-टीव्हीची वर्गणी बंद करताना तो लागतो आणि इंटरनेट, व्यायामशाळेचे करार संपवतानाही बऱ्याचदा मागतात.